पाखराला लागता कामा नये

पुरुषोत्तम : नाही म्हणजे नाही. एडिथबाई, पोहे खा, चहा घ्या, हवं तर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटा. पण माझ्याकडून हो येणार नाही.

एडिथ : आरं बाबा, एक चेंडू हाय. एकच. त्येला काय तोफगोळा म्हनत्यात व्हय?

मालिनी : अहो, जरा ऐकून तर घ्या मावशींचं. सकाळी सकाळी एवढ्या लांबून ड्राइव्ह करून आल्या त्या.

पुरुषोत्तम : ड्राइव्ह करून? उजवा हात गळ्यात बांधलेला असताना? मालिनी, धिस इज एग्झॅक्टली माय पॉइंट.

एडिथ : हिंग्रजीत नका बोलू डॉक्टर. ती बी भाषा मला येतीया.

पुरुषोत्तम : हीच तर पंचाईत आहे! पस्तीस वर्षं या मिशिगनमध्ये आमचं सुखात चाललं होतं. चारचौघांत भांडायचं तर मराठीत भांडायचं, गोऱ्या माणसाला पत्ता नाही. आता तुमच्यासमोर मी बायकोशी कुठल्या भाषेत भांडू?

एडिथ : भांडूच नका. चांगली हाय ती.

मालिनी : आणि तुम्हाला अजून अक्कल आली नाही का? आठवते ना ते इंडियन ग्रोसरीमधलं? लायनीत उभं राहून माझ्या कानात म्हणून राहिले होते, "ही म्हातारी पुढे सरकणार आहे की इथेच मुक्काम करणार?"

पुरुषोत्तम : झालं. निघालं ते पुन्हा. माझ्या तेराव्याला पण हेच सांगशील तू.

मालिनी : आणि ती पांढऱ्या केसांची, निळ्या डोळ्यांची बाई मागे वळली अन् म्हणते...

एडिथ : "म्हातारीला गुडघं हायेत बाबा, चाकं न्हाईत. आन् ती मेथी जून हाय, ठिव खाली."

मालिनी : माय गं! यांच्या हातातली जुडी खाली पडली होती.

पुरुषोत्तम : पडली नाही, मी ठेवली. आणि मेथी खरंच जून होती, ते मी मान्य केलं होतं. पण आता नेवाशाकडच्या मिशनमध्ये पाद्र्याच्या घरी जन्मलेली बाई ॲन आर्बरच्या दुकानात माझ्या पुढे उभी असेल, हे मी कसं ओळखावं?

एडिथ : जाऊ द्या. तवापासनं मला ह्या घरात भाकरी मिळतीया, माझा काय तोटा झाला न्हाई. आता मुद्द्याचं बोला. उद्या दुपारी बेसबॉलचा सामना हाय, त्येचा सुरवातीचा मानाचा चेंडू मला टाकायचाय.

पुरुषोत्तम : मुद्द्याचंच बोलतोय. तुमच्या खांद्यातला जो स्नायू हात वर उचलतो ना, तो आता जुन्या पायजम्याच्या नाडीइतका उरलाय. फोटो मी स्वतः पाहिलेत. उद्या डोक्यावरून हात फिरवून चेंडू फेकलात की ती नाडी तुटली. मग केस विंचरायलासुद्धा हात वर जायचा नाही.

एडिथ : केस तरी कुठं ऱ्हायलेत?

मालिनी : मावशी, ते खरं सांगून राहिले. सहा महिने तुमचे एक्सरसाइज मीच करून घेते ना? हात खांद्यापर्यंत येतो. त्याच्यावर गेला की तुमच्या तोंडाचा रंग बदलते. मला दिसते ते.

एडिथ : तू बी त्येंच्या बाजूची झाली का गं मालू?

मालिनी : मी कोणाच्याच बाजूची नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

पुरुषोत्तम : आणि टीमवाल्यांनी किती चांगला पर्याय दिलाय. मैदानाच्या मधोमध खुर्ची. तुम्ही बसायचं, लोकांना हात हलवायचा, हा डावा. शाळेतली एक मुलगी तुमच्या वतीनं पहिला चेंडू टाकेल. टाळ्या तुम्हालाच.

एडिथ : हात हलवाया मी काय रथातला पुतळा हाय? डॉक्टर, ऐका माझं. आमच्या त्या बायकांच्या लीगमधल्या, रोकडा पगार घिऊन बेसबॉल खेळलेल्या पोरी ह्या भागात किती व्हत्या! आता मी एकली ऱ्हायले. म्हनून मला बोलावलं. माझी भाची म्हनती, डॉक्टरनं हो म्हनलं तर टाक, न्हाईतर खुर्ची. खुर्चीतच बसायचं असलं तर मी जायाचीच न्हाई. घरी बसायला माझी खुर्ची काय वाईट हाय?

मालिनी : मग खालून टाका ना.

एडिथ : काय?

मालिनी : खालून. अंडरआर्म. हात वर न्यायचाच कशाला?

एडिथ : खालनं न्हाई.

मालिनी : काहून?

एडिथ : न्हाई म्हनले ना! खालनं न्हाई.

पुरुषोत्तम : त्यांचं बरोबर आहे. अंडरआर्म काय टाकायचं? आम्ही लहानपणी पुण्यात गल्लीत खेळायचो, तेव्हा धाकट्या बहिणीनं फार भोकाड पसरलं की तिला बॅट द्यायचो आणि खालून चेंडू टाकायचो. तो काय चेंडू झाला?

मालिनी : तुम्ही गप्प बसा बरं एक मिनिट.

पुरुषोत्तम : मी काय केलं आता?

मालिनी : गप्प बसा. मावशी... अहो मावशी, इकडे बघा. चहा आणू का अजून?

एडिथ : नको. त्येंचं काय चुकलं न्हाई. हुबेहूब आसंच म्हनला व्हता आमच्या टीमचा मॅनेजर. फकस्त हिंग्रजीत.

मालिनी : कोणता मॅनेजर? हे नाही सांगितलं तुम्ही कधी. लिपस्टिकचं सांगितलं, त्या आखूड झग्याचं सांगितलं.

एडिथ : ते हसायचं व्हतं म्हनून सांगितलं. तोंडाला रंग लावल्याबिगर मैदानात पाय ठिवायचा न्हाई, असा त्येंचा नेम. आन् झगा गुडघ्याच्या वर. त्यात पळत येऊन घसरायचं, म्हंजी मांडी सोलून निघायची. मी म्हनायची, यापरीस आमच्या सखूचं लुगडं बरं. कास्टा मारला की पळाया मोकळी.

पुरुषोत्तम : सखू कोण?

एडिथ : सांगते की. आधी मॅनेजरचं आयका. लढाई चालू व्हती, गडी मानसं फौजेत गेल्याली, म्हनून मालकांनी पोरींची लीग काढली. पहिल्या वर्षाला समद्या पोरी खालनंच टाकायच्या. नेमच तसा व्हता. आन् त्यात माझ्यावानी कुनी न्हाई टाकत. खोटं न्हाई सांगत. पेपरात फोटू यायचे.

मालिनी : फोटो पाहिला मी तुमच्याकडे, पायऱ्यांच्या भिंतीवरचा.

एडिथ : मंग लढाई सपली. मालक म्हनले, लोकांना पुरुषांसारखा खेळ बघायचाय. चेंडू बारका केला आन् हात वरनं. ज्या पोरींना जमलं त्या ऱ्हायल्या. मला न्हाई जमलं. लई केलं मी, रातंदिस केलं, पर हाताला दिशाच कळंना. एका सकाळी समद्या पोरींसमूर मॅनेजर म्हनला, "एडी, यू थ्रो लाइक अ गर्ल." आन् दुसऱ्याच दिशी मी घरी.

पुरुषोत्तम : म्हणजे काढून टाकलं?

एडिथ : तवापासनं मी खालनं चेंडू टाकला न्हाई. शाळेत उभा जलम खेळ शिकवला, पोरींना वरनंच टाकाया शिकवलं. म्हनले, माझ्या पोरींना तरी कुनी बोलाया नको. उद्याचा चेंडू मला वरनं टाकायचाय. एकदाच. खांदा गेला तर गेला.

पुरुषोत्तम : एडिथबाई, मी ते बहिणीचं बोललो ना मघाशी...

एडिथ : सोडा वो. तुमी तुमच्या बहिनीचं बोलला.

पुरुषोत्तम : तरीपण. तोंडाला लगाम नाही माझ्या.

मालिनी : हे आज कळलं? अरे! अरे बघा, बघा, पुन्हा आली ती पाखरं! चेरीवर बसून राहिली सगळी. शूऽऽ! हाऽऽ! अहो, तुमचं ते प्लॅस्टिकचं घुबड काय कामाचं? त्याच्या डोक्यावर बसून खाऊन राहिली माझी चेरी!

पुरुषोत्तम : त्या दुकानदाराने मला गॅरंटी दिली होती की घुबड बघून पक्षी येत नाहीत.

एडिथ : इथल्या पाखरांनी काय गॅरंटी वाचलीया? मालू, त्या परातीत काय हाय?

मालिनी : बटाटे. संध्याकाळी दम आलू करायचा ना, मंडळाची माणसं येणार आहेत.

एडिथ : बारके हायेत. द्ये एक. आन् ही माझ्या गळ्यातली पट्टी सोड.

पुरुषोत्तम : ती पट्टी सोडायची नाही! हाताला आधार म्हणून दिलीय.

एडिथ : आधारच घेतीया. सोड गं. हां. आता बघा, एका टोकाला फास करायचा, तो ह्या बोटात. मधी पट्टी रुंद हाय, तिथं बटाटा. दुसरं टोक मुठीत धरायचं, नुसतं धरायचं.

पुरुषोत्तम : हे काय चाललंय?

मालिनी : अहो, गोफण! गोफण करून राहिल्या त्या!

एडिथ : सखूनं शिकवली. आमच्या आयाची पोर. बाजरी हुरड्यात आली की तिला राखनीला धाडायचे, आन् मी तिच्या मागं पळायची. आई हाका मारून दमायची. शेतात माळा असायचा उंच, त्येच्यावर दोघी. सखूनं पहिल्या दिशीच सांगितलं, पाखराला लागता कामा नये. त्येच्या अंगाशी दगड गेला पायजे, पर लागाया नको. पाखरू उडालं पायजे, मरायला नको. जो पाखरू मारतो त्येला नेम येत न्हाई, असं तिचं म्हननं.

पुरुषोत्तम : हे उलटंच आहे की.

एडिथ : उलटं न्हाई. मारनं सोपं हाय. जवळून घालवनं अवघड. लीगमधी मला त्येचाच फायदा झाला. फलंदाज पोरीच्या अंगाजवळनं चेंडू घालायची, पर एकीला बी कधी लागला न्हाई. बाजूला सरा डॉक्टर.

पुरुषोत्तम : शेजाऱ्यांची काच...

एडिथ : सरा म्हनले ना.

मालिनी : उडाली! सगळी उडाली! आणि एकालाही नाही लागलं! मावशी, बटाटा फांदीच्या बाजूने असा सरळ गेला!

पुरुषोत्तम : योगायोग. एक बटाटा काय, कुणीही फेकेल.

एडिथ : मालू, दुसरा द्ये. ते घुबड दिसतंय का डॉक्टर?

पुरुषोत्तम : अहो, ते घुबड तीस डॉलरचं...

मालिनी : गेलं!

एडिथ : ते पाखरू न्हाई. त्येला लागलं तरी चालतंय.

पुरुषोत्तम : थांबा. थांबा थांबा. पुन्हा करा.

मालिनी : आता घुबड नाही राहिलं तिथे.

पुरुषोत्तम : घुबड मरू दे. एडिथबाई, बटाटा न घेता पुन्हा करा. हळू. मी हात धरतो तुमचा. हां... कोपर कमरेशी. झोका मागे... झोका पुढे... सोडलं. दुखतंय?

एडिथ : न्हाई.

पुरुषोत्तम : खरं सांगा.

एडिथ : डॉक्टर, मी पाद्र्याची पोर हाय.

पुरुषोत्तम : मालिनी, बघितलंस का तू? हात खांद्याच्या वर गेलाच नाही. छातीच्याही वर गेला नाही. सगळा जोर मनगटातला आणि कमरेतला. त्या नाडीवर कसला भारच नाही. ही पट्टी बाजूला ठेवून असाच चेंडू सोडायचा. याला माझं हो आहे.

मालिनी : ऐकलं ना मावशी? हो म्हणून राहिले!

एडिथ : आयकलं.

मालिनी : मग असं तोंड काहून?

एडिथ : म्हंजी खालनंच की.

मालिनी : हो, खालून.

एडिथ : तितकी माणसं बघत असनार. म्हनतील, म्हातारी आली आन् पोरीवानी टाकून गेली. मॅनेजर मेला कवाच, पर त्येचंच खरं झालं म्हना की.

मालिनी : मावशी, मला बेसबॉलमधलं काही कळत नाही. क्रिकेटमधलंही नाही. यांना विचारा, वर्ल्ड कप चालू असला की मी बेसमेंटमधे लोणच्याच्या बरण्या पुसत बसते. पण मला एक सांगा. पहिल्या वर्षी तिकीट काढून लोकं आले ना? लढाईच्या दिवसांत, पोराबाळांना घेऊन?

एडिथ : आले की. उभं ऱ्हायाला जागा नसायची.

मालिनी : ते कोणती फेक बघायला आले होते?

एडिथ : म्हंजी?

मालिनी : वरची का खालची?

एडिथ : खालची.

मालिनी : मग झालं तर. पुढे जी वरून टाकणाऱ्या पोरींची लीग चालली, ती तुमच्या खालच्या फेकीवरच उभी राहिली ना? तुमच्यानंच तिची बोहणी झाली. उद्या पहिला चेंडू टाकायला बोलावलं आहे, तर पहिल्या वर्षीचाच टाकायचा. यात पोरीसारखं असेल तर असू द्या. तुम्ही पोरीच तर होत्या!

पुरुषोत्तम : हे मात्र बिनतोड आहे हं.

मालिनी : तुम्हाला कोणी विचारलं?

एडिथ : मी आत्ता काय सांगत न्हाई. उद्या मैदानात हुभी ऱ्हायल्यावर हात काय म्हनतोय ते बघू.

पुरुषोत्तम : हात काही म्हणत नाही. हाताला मी सांगितलंय काय म्हणायचं ते. माझं हो फक्त खालच्या फेकीला आहे. वरून टाकलीत तर, सांगून ठेवतो, मी कठडा ओलांडून मैदानात येईन.

एडिथ : तुमच्या त्या पोटाला कठडा ओलांडतोय व्हय?

मालिनी : अरे बाप्पा! मावशी, तुम्ही उद्या काहीही टाका. आज जेवूनच जा.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. गावाबाहेरचं छोटं बेसबॉल मैदान. पुरुषोत्तम आणि मालिनी प्रेक्षकांत बसले आहेत.)

पुरुषोत्तम : ऊन बघ किती आहे. पंच्याऐंशीला टेकलेल्या बाईला एवढा वेळ उन्हात उभं करतात का? आणि तो माइकवाला किती बोलतोय!

मालिनी : त्यांचंच कौतुक करून राहिला ना तो. बोलू द्या. अहो, बघा, मावशींनी लिपस्टिक नाही लावली. सकाळी मी विचारलं, माझी देऊ का? तर म्हणाल्या, "आज रंग लावनार न्हाई. आज माझ्या तोंडानं जानार."

पुरुषोत्तम : आणि पट्टी काढली का गळ्यातली?

मालिनी : काढली. खिशात आहे त्यांच्या.

पुरुषोत्तम : ती केशरी टोपीतली मुलगी काय म्हणतेय त्यांना? हां, पुढे या म्हणतेय. अर्ध्यावरून टाका म्हणतेय. बरोबर आहे, अर्ध्यावरूनच टाकावं.

मालिनी : नाही आल्या पुढे.

पुरुषोत्तम : म्हणजे?

मालिनी : मान हलवली त्यांनी. मागे गेल्या. त्या मातीच्या उंचवट्यावर चढून राहिल्या, खेळणारे जिथून टाकतात तिथे.

पुरुषोत्तम : चढताहेत? हात धरा म्हणावं कुणीतरी! मालिनी, त्या उंचवट्यावरून अंतर किती मोठं आहे माहितीय का? आणि त्या हट्टाला पेटल्या ना, तर वरून टाकतील. जोर लागायला वरूनच टाकतील. मला माहीत होतं. मी हो म्हणायलाच नको होतं.

मालिनी : तुम्ही माझा हात केवढा दाबून राहिलात!

पुरुषोत्तम : हात वर! मालिनी, हात वर करताहेत!

मालिनी : डावा आहे तो. डोळ्यांवर धरला, उन्हासाठी. बघा की नीट.

पुरुषोत्तम : हां. हां. डावा आहे. देवा!

मालिनी : मागे त्या लांब हिरवळीवर काय पांढरं दिसून राहिलं? बगळे?

पुरुषोत्तम : सीगल आहेत, तळ्यावरचे. लोकांनी टाकलेले फ्रेंच फ्राइज खायला येतात. तू पक्षी काय बघतेस, इकडे बघ, इकडे!

मालिनी : बघून राहिली. चेंडू कमरेशी घेतला... अहो, कोपर! कोपर कमरेशी आहे!

पुरुषोत्तम : झोका मागे... शाबास... खालून! खालूनच टाकताहेत!

मालिनी : गेला!

पुरुषोत्तम : गेला, गेला, सरळ चाललाय... टप्पा! क्या बात है! पायाशी टप्पा! यॉर्कर! एडिथबाई, यॉर्कर! अस्सल यॉर्कर!

मालिनी : अहो, ओरडू नका! बसा! सगळे गप्प झाले आहेत.

पुरुषोत्तम : का गप्प झाले? टाळ्या वाजवा की! काय मढ्यासारखे बसलेत! वॉट अ बॉल, पीपल! ब्यूटिफुल बॉल! वाजवा!

मालिनी : माय गं, सगळे तुमच्याकडे बघून राहिले... अहो... अहो, ते बघा, त्या बाजूचे उठले. समोरचे पण. सगळे उठून राहिले!

पुरुषोत्तम : मग? उठायलाच पाहिजे! आणि तो झेलणारा पोरगा बघ, टोपी काढून चाललाय त्यांच्याकडे. मालिनी, तू रडतेस?

मालिनी : नाही हो. ऊन आहे.

पुरुषोत्तम : माझ्या पण डोळ्यात ऊनच गेलंय.

मालिनी : त्या इकडेच येऊन राहिल्या. सरका, जागा करा. मावशी, या, या, इथे बसा. पाणी प्या आधी. दुखून राहिलं का?

एडिथ : न्हाई गं. कायबी न्हाई. ह्यो कोन वरडत व्हता "यॉर्कर, यॉर्कर" म्हनून? त्या उंचवट्यापातूर आयकाया आलं.

मालिनी : दुसरं कोण असणार?

पुरुषोत्तम : मग काय! काय चेंडू होता! थेट पायाशी टप्पा! असा चेंडू बॅट खाली येईपर्यंत दांडी घेऊन जातो.

एडिथ : डॉक्टर, तुमाला ठावं हाय का, हितं चेंडू टप्पा पडून गेला तर लाज असती? म्हनून समदे गप झाले व्हते. चेंडू हवेतनंच जाया लागतो. पहिला चेंडू टाकायला मोठीमोठी माणसं येत्यात, त्येंचा टप्पा पडला तर टीव्हीवर दहादा दावून हसत्यात.

पुरुषोत्तम : टप्पा पडला म्हणून लाज? मूर्ख आहेत का हे लोक? टप्पा पडला नाही तर त्याला आमच्याकडे फुलटॉस म्हणतात. फलंदाज त्याला बाहेर भिरकावून देतो. लाज वाटायची तर त्याची वाटावी! चेंडू टाकणाऱ्याचं सगळं कसब टप्प्यात असतं. तुमचा टप्पा जिथे पडला ना, तिथे पाडायला आमची पोरं वर्षानुवर्षं घाम गाळतात. विचारा कुणालाही!

एडिथ : मालू, ह्येंना कुनीच सांगितलं न्हवतं का?

मालिनी : अहो मावशी, पस्तीस वर्षं इथे राहून एक बेसबॉल मॅच पूर्ण पाहिली नाही यांनी.

पुरुषोत्तम : त्याला मी काय करू? मला जे दिसलं त्याला मी टाळी वाजवली. आणि मी आजही सांगतो, खालून टाकलेला असा चेंडू मी जन्मात पाहिला नाही. गल्लीतलं ते मी काल बोललो, ते परत घेतो. माझ्या धाकटीला आज फोन करून सांगणार आहे. म्हणणार, बाई गं, तुला आम्ही कधी बॉलिंग दिलीच नाही, ते चुकलंच.

एडिथ : मी हसत व्हते तितं हुभी ऱ्हाऊन. टप्पा पडला, समदे गप झाले. मनात म्हनले, बोलला मॅनेजर. आन् तेवढ्यात ह्यो एक मानूस हुभा ऱ्हाऊन बोंबलतोय, ब्यूटिफुल बॉल! मंग मला हसूच आवरंना.

मालिनी : तुम्ही हसल्या तेव्हाच तर बाकीचे उठले.

एडिथ : मला साठ वर्सांत त्या फेकीला कुनी चांगलं म्हनलं न्हवतं. आता म्हनलं, तर ज्येला खेळातलं कायबी कळत न्हाई त्येनं म्हनलं.

पुरुषोत्तम : ही तारीफ आहे का?

एडिथ : हाय की. घ्या ठिऊन. मालू, ती पट्टी काढ माझ्या खिशातनं, घाल गळ्यात. हात आता दमला.

मालिनी : थांबा. हं. अशी. घट्ट नाही ना झाली?

एडिथ : न्हाई, बरी हाय. एक सांग गं. माझी पाठ व्हती म्हनून दिसलं न्हाई. मागं हिरवळीवर ती पांढरी पाखरं बसली व्हती ना? टाळ्यांनी उडाली का?

मालिनी : उडाली मावशी. सगळी उडाली.

एडिथ : कुनाला लागलं न्हाई ना?

मालिनी : कोणालाच नाही.

एडिथ : मंग सखूला चालंल.